फिरतीची नोकरी: जेवण वेळेवर, मन जागेवर

आजचं बोलणं फिरतीची नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. औषध कंपन्यांचे एमआर, या कारखान्यातून त्या कारखान्यात मशिन दुरुस्त करत फिरणारे सर्व्हिस इंजिनिअर, बँकांचे ऑडिटर, सेल्सची मंडळी. महिन्यातले पंधरा-वीस दिवस ज्यांची बॅग भरलेलीच असते, असे सगळे. तुम्ही इंदूरला राहत असाल, हैदराबादला, बडोद्याला किंवा बेळगावला. सोमवार उजाडला की स्टेशन गाठत असाल, तर हे तुमच्यासाठी.

रात्री घरून फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवलास का?" उत्तरही ठरलेलं असतं, "हो, झालं जेवण." प्रत्यक्षात दुपारी दोन सामोसे आणि चार चहा झालेले असतात आणि रात्रीचं जेवण अजून ॲपवर शोधायचं असतं. एका दिवसाचं हे खोटं कुणाचं काही बिघडवत नाही. पण दहा वर्षं हेच चाललं की सुटलेलं पोट, रोजची ॲसिडिटीची गोळी आणि चाळिशीत लागलेली साखर घेऊन माणूस डॉक्टरसमोर बसतो. शिवाय चिडचिड असतेच, आणि ती घरच्यांच्या वाट्याला येते. मग कुणीतरी सुचवतं, ध्यान कर, मन शांत ठेव. ध्यानाला माझा विरोध नाही. पण भुकेल्या पोटी, चार तासांच्या झोपेवर बसवलेलं मन शांत होत नाही, ते पेंगतं. फिरतीवरच्या माणसाची बरीचशी अस्वस्थता पोटातून आणि झोपेतून येते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही पर्यटक नाही. ऐकायला साधं आहे, पण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. नव्या शहरात गेलो की आपण मोबाइलवर शोधतो, इथलं प्रसिद्ध काय? इंदूरला गेलो की सराफा, हैदराबादला गेलो की बिर्याणी. वर्षातून एकदा जाणाऱ्यासाठी हे अगदी योग्य. पण तुम्ही महिन्यातून तीनदा जाता. प्रसिद्ध पदार्थ हा त्या गावाचा सणाचा पदार्थ असतो. गावातली माणसं तो रोज खात नाहीत. त्यामुळे प्रश्न बदला: इथे नोकरीसाठी एकटे राहणारे लोक रोज दुपारी कुठे जेवतात?

या प्रश्नामागे एक साधं अर्थशास्त्र आहे. हायवेवरच्या हॉटेलवाल्याला तुम्ही आयुष्यात बहुधा एकदाच दिसणार असता. पहिल्या घासाला तुम्ही "वा!" म्हणावं, एवढंच त्याला पुरेसं असतं. म्हणून रश्श्यावर तेलाचा तवंग, पनीरवर लोण्याचा गोळा आणि मीठ सढळ हातानं. रात्री तुमच्या पोटात काय होतं, याच्याशी त्याचा धंदा बांधलेला नाही. खानावळीचं उलटं असतं. तिथे तेच पन्नास-शंभर लोक रोज येतात. त्यातले दहा आजारी पडले की गिऱ्हाईक तुटलं आणि बदनामी झाली ती वेगळी. त्यामुळे खानावळीचं जेवण थोडं कंटाळवाणं असतं, आणि तोच त्याचा गुण आहे. भाजी बेताच्या तिखटाची, आमटी पातळ, पोळ्या समोर भाजलेल्या.

मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार गाव सोडून एकटे राहत, तेव्हा त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांवर ती वस्ती चालत होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. माटुंगा स्टेशनजवळचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. नावात 'बोर्डिंग' आहे हे लक्षात घ्या. दक्षिणेतून नोकरीसाठी आलेल्या माणसांना घरासारखं जेवण मिळावं, ही अशा बोर्डिंगांमागची गरज.

ही सोय प्रत्येक शहरात आहे, नाव मात्र वेगळं असतं आणि तेच माहीत हवं. चेन्नईत, मदुराईत 'मेस' विचारा. बंगळूरमध्ये 'दर्शिनी' म्हणजे उभ्याउभ्या खायची स्वच्छ, झटपट जागा. इडली सतत वाफेवरून उतरत असते, त्यामुळे ती शिळी होण्याइतका वेळच तिला मिळत नाही. कोलकात्यात जुन्या भागात 'पाइस हॉटेल' आहेत. डाळ, भात, भाजी, मासा, सगळ्याचे वेगळे पैसे, त्यामुळे हवं तेवढंच मागता येतं. दिल्लीत आंध्र भवनच्या कॅन्टीनसारख्या जागा आहेत, जिथे दुपारी ऑफिसातली माणसं रांग लावतात. गुजरातेत रात्री खिचडी-कढी मागितली तर कुणी तुमच्याकडे आजारी माणसासारखं बघत नाही, तिथे ते रात्रीचं रीतसर जेवण आहे. शोधायचं कसं? लॉजच्या मॅनेजरला "चांगलं हॉटेल कुठलं?" विचारू नका, तो तुम्हाला साहेब समजून एसी रेस्टॉरंट दाखवेल. "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" असं विचारा. ज्या कारखान्यात काम आहे तिथल्या स्टोअरकीपरला विचारा. उत्तर बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या अंतरावर असतं.

वेळही महत्त्वाची. गर्दीच्या वेळी जेवा. साडेबारा-एकला जेवणारा नशीबवान, कारण भात नुकताच उतरलेला असतो. चार वाजता तोच भात कोमट असतो, आणि कोमट भातात खरी गोम आहे. कच्च्या तांदळात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. शिजवल्यावरही ते मरतातच असं नाही. भात तासन् तास बाहेर कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांच्यापैकी काही असं विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्री दहा वाजता गाडीवर परतलेला फ्राइड राइस म्हणजे पुष्कळदा दुपारचाच भात असतो. 'गरमागरम' दिसतो म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. साधारण साठ अंशांच्या वर गरम राहिलेलं किंवा पाच अंशांच्या खाली थंड ठेवलेलं अन्न टिकतं. मधलं सगळं धोक्याचं. वाफ निघणारं वरण, तव्यावरून ताटात आलेली पोळी, साल काढून खायचं केळं, हे फिरतीवर नेहमी बरं. कापून ठेवलेली काकडी-कांदा आणि सकाळपासून बाहेर असलेली खोबऱ्याची चटणी नको. ती कितीही फुकट मिळत असली तरी.

बॅगेत काय ठेवायचं? आपल्या घरांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी. पहिल्या दिवसाचा प्रश्न मिटला. त्यापुढच्या दिवसांसाठी दोनच वस्तू सांगतो. एक, सातूचं पीठ. पाण्यात मीठ-लिंबू घालून प्यालं की दोन भेटींमधली भूक भागते. दुसरं, मेतकूट. याबद्दल माझं मत जरा पक्षपाती आहे, ते ऐकून घ्या. भारतातल्या कुठल्याही मेसमध्ये गरम भात आणि चमचाभर तूप मिळतं. खिशातली पुडी काढून त्यावर मेतकूट घातलं की गुंटूरमध्ये बसून तुम्ही घरचं जेवलात. वजन शंभर ग्रॅम, लवकर खराब होत नाही.

रेल्वेत असाल तर पॅन्ट्रीवरच अवलंबून राहायला नको. आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगमध्ये पीएनआर देऊन पुढच्या मोठ्या स्टेशनवर जेवण सीटवर मागवता येतं. १३२३ या नंबरवर फोन करूनही होतं. तिथेही बिर्याणी-पनीरच्या खाली इडली, दहीभात, साधी थाळी असते. जरा खाली सरकवून बघा.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. तुम्हाला मधुमेह असेल आणि तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेत असाल, तर फिरतीवर लांबलेलं जेवण नुसतं गैरसोयीचं नसतं, ते धोक्याचं असतं. गोळी सकाळी घेतली, गाडी दोन तास लेट झाली, मीटिंग लांबली. गोळी आपलं काम करतच राहते आणि रक्तातली साखर खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस विनाकारण चिडतो किंवा गोंधळतो. समोरच्याला वाटतं साहेब रागावले. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या किंवा ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, आणि मग नीट जेवा. चॉकलेट इथे फार उपयोगाचं नाही. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. साखरेच्या पुड्या बॅगेत नको, शर्टाच्या खिशात हव्यात, कारण बॅग वरच्या बर्थवर असते. पुढच्या दौऱ्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारून घ्या: माझ्या कुठल्या गोळीनं साखर फार खाली जाऊ शकते आणि जेवण लांबलं तर ती कधी घ्यायची? बरोबर फिरणाऱ्या सहकाऱ्यालाही सांगून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

झोपेकडे वळू. नव्या खोलीत पहिल्या रात्री झोप लागत नाही ही तक्रार सगळ्यांची असते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली याचं कारण दाखवलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही. ती पहाऱ्यावर असते, बारीक आवाजानंही लगेच जागं करते. त्याच लोकांना त्याच जागी पुन्हा झोपवल्यावर हा फरक दिसला नाही. आता बघा, दर आठवड्याला शंभर रुपये कमी पडतात म्हणून नवं लॉज धरणारा माणूस दर वेळी पहिलीच रात्र काढत असतो. म्हणून गाव ठरलं की लॉज ठरवा, शक्यतो मजलाही. उशीचा अभ्रा घरचा न्या. दाराला कडी लावलीय हे झोपायच्या आधी एकदा बघा, म्हणजे पहाऱ्यावरच्या त्या डाव्या बाजूलाही थोडा धीर येईल.

जेवल्याशिवाय खोलीवर जाऊ नका, हा माझा ठाम सल्ला. शेवटची भेट संपली की थेट मेस. एकदा बूट काढून गादीवर टेकलात की साडेदहाला ॲपवरून बटर नान येणार, टीव्हीसमोर खाल्ला जाणार आणि अन्न गळ्याशी असतानाच तुम्ही आडवे होणार. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जावेत. नाहीच जमलं तर डाव्या कुशीवर झोपा, जळजळ कमी होते. आणि "दमलोय, एक पेग घेतला की झोप लागते" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, डोळा लवकर लागतो हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच दारू झोप मोडते.

मन शांत करायला मोठी साधना हवी असं नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, घेताना थोडे वाढतात. शरीराची रचनाच तशी आहे. म्हणून सोडायचा श्वास लांबवला की शरीर सैल पडतं. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं. बसमध्ये, क्लायंटच्या रिसेप्शनवर, कुठेही. कुणाला कळतही नाही.

आणखी एक जागा सांगतो, जिथे जेवण आणि शांतता एकत्र मिळते. दिल्लीत कॅनॉट प्लेसजवळचा बंगला साहिब, अमृतसर, आपलं नांदेड, किंवा तुम्ही ज्या गावात असाल तिथला गुरुद्वारा. डोकं झाकायचं, चपला काढायच्या, पंगतीत जमिनीवर बसायचं. मेनू नाही, निवड नाही, बिल नाही. शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. लागेल तेवढंच घ्यायचं, ताटात टाकायचं नाही. भत्ता वाचवायला जाऊ नका. गेलात तर जेवल्यावर अर्धा तास भांडी घासायला थांबा. दिवसभर टार्गेटचे आकडे ऐकलेल्या कानांना स्टीलच्या ताटांचा तो आवाज फार बरा वाटतो.

ऐकणाऱ्यांत कुणी मॅनेजर असतील तर त्यांच्यासाठी एक वाक्य: फिरतीवरच्या माणसाला दीड वाजता रिव्ह्यू कॉल लावू नका.

राहिला परतीचा दिवस. शुक्रवारी तुम्ही घरी येणार म्हणून घरचे कौतुकानं पुरी, श्रीखंड, मटण असा बेत करतात, आणि तुम्ही आठवडाभर बाहेरचं खाऊन साध्या जेवणाला आसुसलेले असता. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून पुन्हा जड खाणं होतं. तर निघतानाच सांगून ठेवा, शुक्रवारी वरण-भात, तूप, लिंबाची फोड आणि भाजलेला पापड. मटण रविवारी.