सरहद्दीचे दार आणि राबणारे हात

सरहद्दीवरचा बंदोबस्त आणि कायदेशीर वाट ही तराजूची दोन पारडी आहेत, एक जड झाले की दुसरे हलके होणारच, असे सरसकट मानले जाते. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सामायिक सरहद्दीचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही.

१९४२ साली, महायुद्धाच्या काळात, अमेरिकेतील शेतांना माणसे कमी पडू लागली. दोन्ही सरकारांनी करार केला आणि मेक्सिकन मजुरांना ठरावीक मुदतीसाठी आत घेणारी 'ब्रासेरो' योजना सुरू झाली. स्पॅनिशमध्ये 'ब्रासो' म्हणजे बाहू. नावातच सगळे आले. हात हवे होते, माणूस नव्हे. १९६४ अखेरपर्यंत सुमारे ४६ लाख करारनामे झाले. १९५४ साली सरकारने धरपकडीची मोठी मोहीम काढली, हे खरे; पण त्याच सुमारास करारही वाढविले. १९५६ साली ते चार लाखांवर गेले आणि दशकाअखेर चोरवाटेवर पकडले जाणारे एकदम घटले. ज्याला दारातून येता येते तो रात्री नदी कशाला ओलांडील?

तरीही या दाराचे गोडवे गाता येत नाहीत. मजूर मालकाशी बांधलेला असे. आत घेण्यापूर्वी त्याला उघडे करून अंगावर डी.डी.टी. फवारीत. ही रीतही जुनीच. १९१७ च्या जानेवारीत हुआरेसहून एल पासोला रोज घरकामाला जाणाऱ्या कार्मेलिता तोरेस या सतरा वर्षांच्या मुलीने पुलावरचे सक्तीचे 'निर्जंतुक' स्नान नाकारले. इतर बायका तिच्यामागे उभ्या राहिल्या, पूल अडला. टायफसची भीती खोटी नव्हती. पण घाणेरडा कोण, हे कोण ठरवितो, हे या पानांच्या वाचकाला मी काय सांगावे! तिच्यानंतरही ती स्नाने कित्येक वर्षे चालूच राहिली.

ब्रासेरो संपली, पुढे १९६८ पासून व्हिसांवर मर्यादा आली. शेतातले काम मात्र संपले नव्हते. तीच माणसे त्याच शेतांवर येत राहिली, फक्त आता बेकायदा ठरली. १९९४ साली सॅन डिएगोजवळ कुंपण आणि पहारा वाढविला, तेव्हा वाट ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळली. तेथे हजारो मेले. पूर्वी हंगाम संपला की मजूर गावी परतत. आता पुन्हा येणे जिवावरचे आणि दलालाचे पैसे वाढलेले, म्हणून ते आतच राहू लागले. बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या कुंपणाने त्यांना आत कोंडले.

"सर, मग पहारा नकोच का?" असे वर्गात विचारले जाते. पहारा हवा. चोरट्या मालाचा, शस्त्रांचा शोध घ्यायलाच हवा. पण मजुराच्या हाती कागद असेल तर पहारेकऱ्याची नजर त्यासाठी मोकळी राहते. आज शेतमजुरांसाठी 'एच-२ए' व्हिसा आहे आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादाही नाही. मात्र तो मालकाच्या अर्जावर मिळतो. मालक बदलायचा तर नव्या मालकाने सरकारकडे अर्ज केला पाहिजे. तसा कोणी भेटला नाही तर मजुराने जुन्याचेच ऐकावे किंवा घरी जावे.