स्पर्धाकाळातील फिरते हौशी रेडिओ केंद्र : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. भारतात मोबाइल सेवा सुरू झाली ती १९९५ साली. अशा काळात भूकंपग्रस्त भागातील संदेशवहनास हौशी रेडिओचालकांनी, म्हणजेच हॅम मंडळींनी, साहाय्य केले. आपत्तीत असे केंद्र वाहनावर बसवून तातडीने चालवावे लागते. त्याचा सराव एरवी कसा व्हावा, या प्रश्नाचे एक उत्तर हौशी रेडिओच्या स्पर्धा देतात. प्रस्तुत लेखात फिरत्या केंद्राची उभारणी, त्याचे संचालन व या सरावाच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

स्पर्धेचे स्वरूप :
ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त केंद्रांशी अचूक संपर्क साधणे, हे स्पर्धेचे सूत्र होय. 'सीक्यू वर्ल्ड वाइड' या ४८ तासांच्या स्पर्धेत दोन्ही केंद्रे परस्परांना संकेताच्या दर्जाचा अंक व विभाग क्रमांक कळवितात. भारताचा विभाग २२ आहे. अन्य काही स्पर्धांत विभागाऐवजी मेडनहेड पद्धतीचा स्थानसंकेत द्यावा लागतो. या पद्धतीत पृथ्वीचे १ अंश अक्षांश व २ अंश रेखांशाचे चौकोन पाडलेले असून नांदेड 'एमके ८९' मध्ये, तर लातूर 'एमके ८८' मध्ये येते. १९ अंश उत्तर अक्षांशाची सीमारेषा लोह्याच्या परिसरातून जाते. पुढे अहमदपूर, चाकूर, लातूर व किल्लारी हा सारा मार्ग एकाच चौकोनात असून उमरगा मात्र 'एमके ८७' मध्ये आहे. चौकोन बदलल्यावर नव्याने गुण देणाऱ्या स्पर्धांत फिरत्या केंद्राला याचा थेट लाभ होतो.

केंद्राची उभारणी :
१०० वॅट शक्तीचे प्रक्षेपण करताना यंत्र सुमारे २० अँपिअर विद्युतप्रवाह घेते. म्हणून सिगारेट लायटरच्या जागेतून वीज न घेता बॅटरीपासून स्वतंत्र जाड तारा आणाव्यात व बॅटरीजवळच फ्यूज बसवावेत. वाहन थांबले असता बॅटरी लवकर उतरते, याचेही भान ठेवावे.

७ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबीचा अँटेना सुमारे १० मीटर उंच होतो. तो वाहनावर शक्य नसल्याने २ ते ३ मीटरच्या दांड्याला वेटोळे जोडून त्याची विद्युत लांबी वाढविली जाते. वाहनाचा धातूचा सांगाडा येथे जमिनीचे काम करतो. म्हणून बॉनेट, दरवाजे व धुराडे सांगाड्याशी पट्ट्यांनी जोडल्यास अँटेनाची कार्यक्षमता वाढते व इंजिनाचा खरखराटही कमी होतो.

असा उभा दांडा दूरच्या संपर्कास बरा. जवळच्या जिल्ह्यांसाठी तो दुबळा ठरतो. वाहन थांबताच दोन झाडांमध्ये ४-५ मीटर उंचीवर सुमारे २० मीटर लांबीची तार आडवी बांधून तिला मध्यभागी जोडणी दिली, तर ७ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ वर जातात व दिवसा आयनांबरावरून परतून काहीशे किलोमीटरचा परिसर व्यापतात. आपत्तीत जिल्ह्याचे ठिकाण व राजधानी यांच्याशी संपर्क हवा असल्याने हेच तंत्र अधिक मोलाचे आहे.

संचालन :
वाहनचालकाने केवळ वाहन चालवावे. संपर्क साधणारा व नोंद ठेवणारा हे वेगळे असावेत. नोंदी जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून, ठेवाव्यात. स्थानसंकेत 'माइक किलो आठ नऊ' असा उच्चारावा, कारण खरखराटात एकेक अक्षर हरवते. स्पर्धेनंतर दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात व चुकीची नोंद गुण गमावते. प्रक्षेपणापूर्वी परवान्यातील शक्ती, लहरपट्टे व फिरत्या केंद्राविषयीच्या अटी तपासणे बंधनकारक समजावे.

मर्यादा :
स्पर्धेतील संकेताचा अंक बहुधा यांत्रिकपणे '५९' असाच दिला जातो. औषधांची यादी किंवा जखमींची नावे असा दीर्घ मजकूर तेथे पाठवावा लागत नाही. तो लिहून घेणे व परत वाचून खात्री करणे, ही शिस्त स्पर्धा शिकवीत नाही. त्यामुळे स्पर्धेतील गुणसंख्या हीच आपत्तीसाठीची सिद्धता मानणे योग्य नव्हे.

समारोप :
वीज, अँटेना, अचूक श्रवण व थकव्यातही टिकणारी नोंद यांची कसोटी फिरत्या केंद्रावर एकाच वेळी लागते. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व भूगोल या विभागांना एकत्र आणणारा हा उपक्रम महाविद्यालयांना परवानाधारक हौशी चालकांच्या मार्गदर्शनाखाली राबविता येईल. मात्र स्पर्धा संपल्यावर त्याच वाहनातून, आडव्या तारेवर, किमान शंभर शब्दांचा मजकूर नांदेडहून लातूरला निर्दोष पोचवून पाहावा. किल्लारीसारख्या प्रसंगी खरी गरज याच कौशल्याची असते.