कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतोय? एसएमपीएस बदलण्याआधी हे तपासा

काम अर्धवट असताना स्क्रीन काळी होते आणि पुन्हा विंडोजचा लोगो दिसतो. दुकानात नेलं की बरेचदा एसएमपीएस बदलायचा सल्ला मिळतो. दोष तिथे असेलही. पण पैसे मोजण्याआधी घरीच थोडी तपासणी करता येते. त्याआधी महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या, कारण असं बंद पडण्याने त्या खराब होऊ शकतात.

गंभीर बिघाड झाला की विंडोज एरर स्क्रीन दाखवतं, पण लगेच रिस्टार्टही होतं. त्यामुळे कोड वाचायला वेळच मिळत नाही. 'ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज'मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढा. आता स्क्रीन थांबली, तर कोडचा फोटो घ्या. संशय बहुधा ड्रायव्हर किंवा रॅमवर.

तरीही वीज गेल्यासारखा पीसी बंद पडतोय? मग वीजपुरवठा किंवा उष्णता. गेम खेळतानाच असं होत असेल, तर प्लग काढून प्रोसेसरच्या फॅनवरची धूळ आधी साफ करा.

इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद मात्र फसवी. नावात पॉवर असलं, तरी पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला, एवढंच ती सांगते, कारण नाही.