संगणकांतील राखीव जागा

सातारा किंवा सांगली यांसारख्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आज एखादा लहान संगणक बहुधा असतोच. इ. स. २०२० मध्यें शाळा-महाविद्यालयें बंद पडलीं आणि शिक्षण घरांत आलें, तेव्हां अशा संगणकांची गरज एकाएकीं वाढली. त्यांतील स्वस्त यंत्रांची साठवणशक्ति पुष्कळदां ३२ किंवा ६४ गिगाबाइट एवढीच असते. यंत्र नवें असतांना ती पुरेशी वाटते. वर्षा-दोन वर्षांनीं मात्र पडद्यावर एक सूचना वारंवार दिसूं लागते : अपडेटसाठीं पुरेशी जागा नाहीं.

ही सूचना पाहून सामान्यतः दोहोंपैकीं एक मार्ग पत्करला जातो. कोणी अपडेटच कायमचें बंद करून टाकतो. कोणी घाईघाईनें हातीं लागतील त्या फाइली पुसून टाकतो. पहिल्या मार्गानें घराचें दार उघडें राहतें. दुसऱ्यानें घरांतील मोलाची वस्तु नाहींशी होते. हे दोन्ही मार्ग टाळतां येतात. त्यासाठीं अपडेट म्हणजे काय आणि त्याला एवढी जागा कां लागते, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

संगणकाची कार्यप्रणाली, मग ती विंडोज असो, लिनक्स असो वा फोनांतील अँड्रॉइड असो, आज्ञांच्या कोट्यवधि ओळींची बनलेली असते. इतक्या विस्तृत रचनेंत कांहीं चुका राहून जाणें अपरिहार्य आहे. त्यांतील कांहीं चुका निरुपद्रवी असतात; पण कांहीं अशा असतात कीं त्यांतून परक्या माणसाला यंत्रांत शिरतां येतें. चूक ध्यानांत आली म्हणजे कंपनी तिची दुरुस्ती तयार करून सर्वांकडे पाठविते. हेंच अपडेट. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें इ. स. २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार हा या कामाचा दिवस ठरविला आहे. म्हणजे तें अवचित येणारें संकट नसून तिथि ठाऊक असलेला पाहुणा आहे.

या पाहुण्याला दारांतून परत पाठविण्याचा परिणाम काय होतो, हें इ. स. २०१७ सालीं जगानें पाहिलें. विंडोजमधील एका गंभीर उणिवेची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीं प्रसिद्ध झाली होती. पुढें १२ मे रोजीं, म्हणजे सुमारें दोन महिन्यांनीं, त्याच उणिवेचा फायदा घेऊन ‘वॉनाक्राय’ हा उपद्रवी प्रोग्राम पसरला. त्यानें सुमारें दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइलींना कुलूप लावून त्या सोडविण्यासाठीं खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचें कामकाजही त्यामुळें विस्कळीत झालें. ज्यांनीं दुरुस्ती बसवून घेतली होती, त्यांच्या यंत्रांत या उणिवेच्या वाटेनें त्याला शिरतां आलें नाहीं. त्याच वर्षाच्या जून अखेरीस ‘नॉटपेट्या’ नांवाचा दुसरा उपद्रव आला. त्याच्या पसरण्याच्या मार्गांत हीच उणीव एक होती, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याच्या कामालाही त्याची झळ पोंचली. तेव्हां जागा नाहीं म्हणून अपडेट नाकारणें हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

आतां प्रश्न असा कीं, एका लहानशा दुरुस्तीला इतकी जागा कां लागावी? याचें उत्तर तिच्या कार्यपद्धतींत आहे. अपडेट प्रथम मिटलेल्या गाठोड्याच्या रूपानें यंत्रांत उतरतें. ही पहिली जागा. मग तें गांठोडें सोडून आंतील फाइली मांडल्या जातात. ही दुसरी जागा. शेवटीं जुन्या फाइलींच्या ठिकाणीं नव्या बसतात. परंतु नवी रचना नीट चालते अशी खात्री होईपर्यंत जुनी टाकून देतां येत नाहीं. ही तिसरी जागा. मध्येंच वीज गेली किंवा नवी फाइल सदोष निघाली, तर यंत्राला मागें फिरण्यास वाट असावी, हा त्यांतील हेतु आहे. म्हणून अपडेटचा स्वतःचा आकार आणि त्याच्या कामासाठीं लागणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम आटोपल्यावर बरीचशी जागा परत मिळते. पण काम चालूं असतांना ती मोकळी असावीच लागते. अँड्रॉइडमध्यें इ. स. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून याच तत्त्वाची एक सोय आली : अशा फोनांत प्रणालीसाठीं दोन स्वतंत्र खण असतात, एकावर फोन चालतो आणि त्याच वेळीं दुसऱ्यावर नवी आवृत्ति बसविली जाते.

कृष्णाकांठच्या माणसाला हें तत्त्व नवें नाहीं. सातारा जिल्ह्यांतील कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ अब्ज घनफूट आहे. परंतु पाऊस सुरू झाला म्हणजे मिळेल तें सर्व पाणी पहिल्या महिन्यांतच अडवून जलाशय कांठोकांठ भरावा, असें कोणी म्हणत नाहीं. कोणत्या तारखेस पाण्याची पातळी किती असावी, याचें कोष्टक आधीं ठरविलेलें असतें, आणि पावसाळा सरतां सरतां जलाशय पूर्ण भरावा अशी योजना असते. मधल्या काळांत जी जागा रिकामी दिसते, ती वायां गेलेली नसते. येणाऱ्या लोंढ्यासाठीं ती राखून ठेवलेली असते. कोयना कऱ्हाड येथें कृष्णेला मिळते आणि तें पाणी पुढें सांगलीस येतें. सांगलीचा पूर एकट्या कोयनेवर अवलंबून नसतो हें खरें; वारणा आणि धरणाखालच्या मुलुखांतला पाऊसही त्यांत भर घालतो. तरी ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलेलें ज्यांनीं पाहिलें, त्यांना जलाशयांतील रिकाम्या जागेचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं.

संगणकाच्या डिस्कलाही असेंच कोष्टक हवें. विंडोजच्या कर्त्यांनीं ही गोष्ट उशिरा कां होईना, मान्य केली. इ. स. २०१९ च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांत सुमारें ७ गिगाबाइट जागा प्रणाली स्वतःच राखून ठेवूं लागली. त्यापूर्वींच्या यंत्रांत हें काम मालकालाच करावें लागतें. लहान यंत्रांत निदान १० गिगाबाइट जागा नेहमीं मोकळी असावी, असा नियम घरीं ठरवून घेणें हितावह आहे. मोठी वार्षिक आवृत्ति बसवावयाची असेल तेव्हां याहूनही अधिक जागा लागते. जागा मोकळी करण्याचें काम सूचना आल्यावर नव्हे, तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत, दुसऱ्या मंगळवारापूर्वीं उरकावें. लोंढा आल्यावर दारें उघडण्यांत धरणालाही धोका असतो आणि खालच्या गांवालाही.

यानंतर जमाखर्च पाहूं जातां पहिली अडचण मोजमापाची येते. वेष्टनावर ३२ गिगाबाइट असें छापलेलें असतें, पण विंडोज तीच जागा २९.८ एवढीच दाखविते. ही फसवणूक नव्हे. विकणारा एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा एक गिगाबाइट मानते. या २९.८ मधून प्रणालीसाठीं लागणारी जागा वजा केली कीं मालकाच्या वांट्यास फारच थोडी उरते. म्हणून ती कशानें भरली आहे, हें पाहणें अगत्याचें ठरतें.

येथें पुष्कळांचा अंदाज चुकतो. ते आपलीं पत्रें, टिपणें, मुलांचे निबंध पुसावयास निघतात. वास्तविक मजकुराला जागा लागते ती नगण्य. प्रचलित पद्धतींत देवनागरीचें एक चिन्ह तीन बाइट घेतें. तीनशे पानांच्या ग्रंथांत साडेचार लाख चिन्हें धरलीं, तरी सबंध ग्रंथ साडेतेरा लाख बाइटांत, म्हणजे दीड मेगाबाइटच्या आंत मावतो. उलट फोनवर स्पष्ट दर्जाचें एक मिनिटाचें चलच्चित्र घेतलें, तर तें सुमारें ६० ते १३० मेगाबाइट जागा अडवितें. म्हणजे एका मिनिटाच्या चित्रणाच्या जागेंत चाळीसांहून अधिक ग्रंथ राहतील! तेव्हां जागा हवी असेल तर हात घालावा तो चित्रणांत, व्हॉट्सअ‍ॅपवरून पुन्हां पुन्हां आलेल्या चित्रांत आणि एकदां वापरून विसरलेल्या ‘डाउनलोड्स’मध्यें. आजोबांच्या आठवणींचें टिपण पुसून कांहींही साधत नाहीं.

प्रणालीचा स्वतःचा केरकचरा काढण्याची रीत वेगळी आहे. विंडोजमध्यें ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ या क्रमानें गेलें असतां ‘टेम्पररी फाइल्स’ असा विभाग सांपडतो. अपडेटनंतर उरलेल्या फाइली तेथून सुरक्षितपणें काढतां येतात. मात्र त्याच यादींत ‘डाउनलोड्स’ हेंही नांव असतें. त्यापुढें खूण करण्यापूर्वीं आंत काय आहे, तें पाहून घ्यावें. मोठी आवृत्ति बसल्यावर जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या नांवानें कांहीं काळ ठेवलेली असते. तिला अनेक गिगाबाइट जागा लागते आणि साधारणतः दहा दिवसांनीं ती आपोआप जाते. नवी आवृत्ति नीट चालते आहे अशी खात्री झाली असेल, तर ती आधींही काढतां येते. पण मग मागें फिरण्याची वाट बंद होते. यंत्र दीर्घ निद्रेंत ठेवण्यासाठीं लागणारी फाइल मुख्य स्मृतीच्या सुमारें ४० टक्के आकाराची असते. ही सोय वापरांत नसेल तर ती जाणत्याकडून बंद करून घ्यावी. चार गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रांत तेवढ्यानें दीड गिगाबाइट जागा मिळते.

एक गोष्ट मात्र निक्षून टाळावी. विंडोजच्या पोटांत ‘विनएसएक्सएस’ नांवाचा मोठा कप्पा असतो. त्याचा आकार पाहून तो हातानें पुसण्याचा मोह होतो. पुढील प्रत्येक अपडेट ज्या सुट्या भागांवर उभें राहतें ते तेथेंच असतात. तो पुसला तर यंत्र सुरू होईलच असें नाहीं. लिनक्स वापरणाऱ्यांची अडचण निराळी असते. तेथें जुन्या ‘कर्नल’च्या प्रती आणि उतरवून घेतलेलीं गांठोडीं सांचत जातात. तींही प्रणालीच्याच आज्ञांनीं काढावीं, आणि चालूं कर्नलखेरीज आधींची एक प्रत राहूं द्यावी.

जें पुसावयाचें नाहीं पण रोज लागतही नाहीं, तें बाहेरच्या डिस्कवर हलवावें. सांगलीजवळच्या हरिपुरांत हळद जमिनीखालच्या पेवांत सांठविण्याची जुनी रीत आहे. रोजच्या व्यवहाराची हळद हाताशीं, बाकीची पेवांत. लग्नकार्याचीं चित्रणें, जुनीं छायाचित्रें यांची जागाही अशीच बाहेर असावी. परंतु याच पेवांनीं दुसरा धडाही दिला आहे. इ. स. २००५ च्या महापुरांत पाणी आंत शिरून पुष्कळ पेवें निकामी झालीं. एकाच जागीं ठेवलेली एकच वस्तु कितीही बंदोबस्तांत असली, तरी ती सुरक्षित नसते. म्हणून मूळ फाइल संगणकावरून काढण्यापूर्वीं तिच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणीं असाव्यात; शक्य तर एक दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील सांठ्यांत. पूर ज्यांच्या उंबऱ्याशीं येतो त्यांनीं तर हा नियम कधींच मोडूं नये. मोठ्या आवृत्तीच्या वेळीं बाहेरच्या डिस्कचा आणखी एक उपयोग होतो : यंत्रांत जागा अपुरी असल्यास १० गिगाबाइट वा अधिक रिकामी जागा असलेली डिस्क जोडून विंडोजला तात्पुरता सांठा तेथें करतां येतो.

इतकें करूनही कांहीं यंत्रांची मर्यादा येतेच. विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. नोंदणी करणाऱ्यांसाठीं वाढीव सोय जाहीर झाली, पण ती ठराविक मुदतीचीच. विंडोज ११ ला ६४ गिगाबाइट साठवण आणि सुरक्षेची एक विशिष्ट रचना लागते. त्यामुळें ३२ गिगाबाइटच्या यंत्रांना तो रस्ता बंद आहे. अशीं यंत्रें लगेच भंगारांत घालावीं असें नाहीं. डेबियन, उबुंटू किंवा सी-डॅक या संस्थेनें तयार केलेली ‘बॉस’ यांपैकीं यंत्राला पेलेल अशी लिनक्स प्रणाली बसवून लेखन-वाचन व पत्रव्यवहार यांसाठीं तीं वापरतां येतात. मात्र तेथेंही दुरुस्त्या येतच राहतात आणि त्यांनाही जागा लागतेच. दुरुस्त्या बंद झालेलें यंत्र बँकेच्या व्यवहारासाठीं वापरणें हें तर कोणत्याही घरानें टाळावें.

आपल्या घरांत कोठीची एखादी फळी रिकामी राहिली तर ती खटकते, आणि संगणकाच्या बाबतींतही तीच संवय चालूं राहते. ही संवय बदलणें एवढेंच या विषयांतलें खरें काम आहे. दर महिन्याचीं दहा मिनिटें आणि डिस्कवरील दहा गिगाबाइट ज्या घरानें राखून ठेवलीं, त्या घरच्या मुलांचा अभ्यास, वडिलांचीं निवृत्तिवेतनाचीं कागदपत्रें आणि कुटुंबाचीं छायाचित्रें सुरक्षित राहण्याची शक्यता पुष्कळच वाढते.