अभ्यासिकेचे वायफाय आणि तीन दरवाजे

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील अभ्यासिकेला तीन जुने राउटर देणगीत मिळाले. एक दारापाशी लावला, एक जिन्यावर आणि एक मागच्या खोलीत, जिथे मुली उशिरापर्यंत अभ्यासाला बसतात. तिन्ही राउटर वायरीवाचून एकमेकांशी जोडलेले. अशा जाळ्याला मेश म्हणतात. मुलांनी त्यांत ओपनडब्ल्यूआरटी ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. मोबाइलवर वायफायच्या रेघा पूर्ण भरलेल्या दिसत, पण पान उघडत नसे! एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी अर्ध्यात अडकला. ती सायबर कॅफेत धावली, म्हणून वाचली.

दोष राउटरचा नव्हता, आमचा होता. कचेरीत आवक-जावकचे टेबल एकच असते. तीन टेबले मांडून प्रत्येक कारकून १ पासून आवक क्रमांक देऊ लागला, तर एकही कागद सापडणार नाही. इथे तेच झाले. ओपनडब्ल्यूआरटीचा प्रत्येक राउटर मुळात स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ धरतो, मोबाइलला पत्ते वाटतो आणि ‘बाहेरचा दरवाजा मीच’ असे सांगतो. या दरवाजालाच गेटवे म्हणतात. इंटरनेटची लाइन मात्र दारापाशच्या राउटरलाच होती.

मग तिघांना वेगळे पत्ते दिले. पत्ते वाटण्याचे काम पहिल्याकडे ठेवून बाकी दोघांचे बंद केले. मेश जोडणारा भाग बॅटमॅन नावाचा आहे. बर्लिनच्या फ्रायफुंक या मुक्त जाळ्यातील मंडळींनी तो सुरू केला; २०११ पासून तो लिनक्सच्या गाभ्यात आहे. त्यात गेटवे मोड मुळात ‘ऑफ’ असतो. लाइन असलेला राउटर ‘सर्व्हर’ केला, उरलेले ‘क्लायंट’.

पुढे एका मुलाने सिमकार्डाचा राउटर आणला, तोही सर्व्हर केला. आता दरवाजे खरोखरच दोन झाले. सर्व्हर आपला वेग जाहीर करतो. आपण काही न भरल्यास १० मेगाबिट खाली, २ वर. तो मोजून पाहत नाही, सांगू तेच खरे धरतो! म्हणून सिमकार्डाचा खरा, कमी आकडा भरावा लागला. बॅटमॅनच्या चौथ्या पद्धतीत हा आकडा पाहिला जावा म्हणून क्लायंटवर निवडीचा वर्ग १ ठेवावा लागतो. मुळातला वर्ग २० फक्त दुव्याची ताकद पाहतो.

एक गोष्ट उशिरा कळली. मोबाइलला मिळालेला पत्ता मुळात १२ तासांचा असतो. लाइन गेली तरी तो जुन्याच दरवाजावर उभा राहतो. आम्ही मुदत १० मिनिटांवर आणली. तेवढाही धीर नसेल तर मोबाइलचे वायफाय बंद करून पुन्हा चालू करायचे, हे मागच्या खोलीतल्या मुलींनीच शोधून काढले.