मोगऱ्याचा चहा: वास फुलाचा, गुण पत्तीचा

फुलशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुदखेडात मोगरा पहाटे, कळी मिटलेली असतानाच खुडतात. ती उमलते रात्री. मोगऱ्याचा म्हणजेच जास्मिन चहा उभा आहे तो कळीच्या या सवयीवरच. चीनमधल्या फूचौ शहरात दिवसा खुडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी ग्रीन टीच्या पत्तीत मिसळतात. रात्रभर कळ्या उमलत राहतात, पत्ती वास पिऊन घेते आणि सकाळी फुलं चाळून काढतात. उंची चहासाठी हा खटाटोप पाच-सहा वेळा होतो.

म्हणजे कपात फुलाचा वास तेवढा उरतो. कॅटेचिन ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं पत्तीतलीच. चहा पिऊन चेहरा उजळतो, हा जाहिरातीचा मजकूर. त्याला भक्कम पुरावा नाही. दूध-साखरेच्या चहाऐवजी हा बिनसाखरेचा घेतलात तर साखर वाचते, हा लाभ मात्र रोकडा.

जेवणाबरोबर हा चहा नको, त्यामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. रक्त कमी असणाऱ्यांनी तासभर अंतर ठेवावं. कॅफिन असतंच, तेव्हा झोपताना टाळा. आणि गजऱ्याची फुलं कपात टाकू नका. त्यांवर औषधाची फवारणी झालेली असू शकते.