मधे बसलेला माणूस

हीरविजयसूरींना या आठवड्यात गंधारहून फत्तेपूरला, अकबराच्या दरबारी, पोचवतो, असं कबूल केलं होतं. ते अजून आठवडाभर वाटेतच राहतील. जैन साधूला पायी चालण्याचं काय मोठंसं! शिवाय दोष सगळा माझा नाही. रत्नागिरीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पोस्टकार्ड आलं आणि माझी गाडी भलत्याच फाट्याला वळली. बाई लिहितात, ‘पाद्री असं म्हणाले, मौलवींनी तसं उत्तर दिलं, हे सगळं मागच्या लेखात वाचलं. पण हे लोक बोलत कुठल्या भाषेत होते?’

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी कित्येक वर्षं वाट पाहतोय.

फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस गोव्याहून तिघे जेझुइट पाद्री फत्तेपूरला पोचले. रुदोल्फो आक्वाविवा इटलीचे, आंतोनियो मोन्सेराते कातालोनियाचे. दोघांचं लॅटिन पक्कं, पण फारसीच्या नावानं शून्य. तिसरे फ्रांसिस्को हेन्रिक्स. मागच्या लेखात मी यांचं नुसतं नाव घेऊन पुढे गेलो होतो आणि बाईंनी मला नेमकं तिथंच पकडलं. हेन्रिक्स होर्मुझचे, जन्मानं मुसलमान, पुढे ख्रिस्ती होऊन जेझुइट झालेले. फारसी त्यांच्या घरची. दरबाराकडून डॉमिनिक पेरेझ नावाचा एक आर्मेनियन ख्रिस्ती दुभाष्या होता, तो वेगळाच.

३ मार्चला पाद्र्यांनी अकबराला बायबल भेट दिलं. अँटवर्पच्या प्लांतिननं छापलेली ती बहुभाषी प्रत. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी, सिरियाक, सगळं शेजारी-शेजारी छापलेलं, एकेक खंड दोन हातांनी उचलावा असा. मोन्सेराते सांगतात, बादशहानं पगडी उतरवली, एकेक खंड घेऊन त्याचं चुंबन घेतलं, मस्तकाला लावला आणि मग विचारलं, यातलं शुभवर्तमान कुठलं? तो खंड दाखवल्यावर त्याचा त्यानं आणखी मान केला.

मला यातली पगडी विसरता येत नाही. इतक्या भाषांतला ग्रंथ, आणि त्यात दरबाराची फारसी तेवढी नव्हती. नंतर शुभवर्तमानाचं भाषांतर करण्याचं काम अबुल फझलवर सोपवल्याचं दरबारातल्या इतिहासकार बदायुनीनं नोंदवलंय, जरा नाक मुरडूनच. आक्वाविवाही झपाट्यानं फारसी शिकले. पण पहिले काही महिने दोन्हीकडचं बरंचसं बोलणं जायचं ते हेन्रिक्सच्या तोंडून.

त्या माणसाची जागा डोळ्यांसमोर आणा. ‘ईश्वराचा पुत्र’ हे फारसीत म्हणायचं. पाद्र्याच्या मनात शतकानुशतकं घासूनपुसून घेतलेली व्याख्या. मौलवीच्या कानाला मात्र ‘पुत्र’ म्हटलं की आई आली, बाळंतपण आलं. खुद्द अकबरही तिथंच अडला होता : देवाला मुलगा कसा? हेन्रिक्सना ही अडचण पाद्र्यांपेक्षा चांगली ठाऊक असणार, कारण ते त्या घरातूनच आले होते. आणि समोरचे मौलवी त्यांच्याकडे निव्वळ दुभाष्या म्हणून पाहत असतील, हे मला तरी पटत नाही. घर सोडून गेलेला माणूस तो! वादाचा वृत्तांत मोन्सेरातेंनी लॅटिनमध्ये लिहिला, बदायुनीनं आपली चरफड फारसीत लिहिली. दोघांची बाजू उघड आहे. मधे बसलेल्याचं काय?

मधल्या माणसाच्या एका शब्दानं काय घडतं, याचं माझं लाडकं उदाहरण जपानचं आहे, आणि त्याचीही वाट गोव्यातूनच जाते. अंजिरो हा कागोशिमाचा माणूस. हातून खून झाला म्हणून मलाक्केला पळाला, तिथं फ्रान्सिस झेवियरना भेटला, १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन पाउलो झाला. पुढच्याच वर्षी तो झेवियरना घेऊन मायदेशी उतरला. झेवियरना जपानी येईना. देवाला जपानीत काय म्हणायचं? अंजिरोनं शब्द सुचवला ‘दाइनिची’.

दाइनिची म्हणजे महावैरोचन, शिंगोन या बौद्ध पंथाचा आदिबुद्ध!

झेवियर रस्त्यात उभे राहून सांगू लागले, दाइनिचीला भजा. शिंगोन भिक्षूंना आनंदच झाला. पाहुणे हिंदुस्थानातून आलेले, म्हणजे बुद्धाच्या भूमीतले, आणि शिकवण आपलीच. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग झेवियरनी खोलात जाऊन विचारपूस केली आणि घोटाळा ध्यानात आला. १५५१ मध्ये त्यांनी दाइनिची टाकून सरळ लॅटिन ‘देउस’ घेतला. बोलणं फाटलं. देउसचा ‘दाइ उसो’ होतो, म्हणजे ‘महाथाप’, अशी कोटी विरोधकांनी लगेच केली.

या गोष्टीला मी फार वर्षं मनापासून हसलो. हल्ली हसत नाही.

गेल्या कार्तिकीच्या आधी एका बेल्जियन फादरना घेऊन आळंदीला गेलो होतो. त्यांना एखाद्या जुन्या वारकऱ्याशी बोलायचं होतं. इंद्रायणीकाठच्या एका धर्मशाळेच्या ओसरीवर बुवा भेटले. ऐंशीच्या घरातले, गळ्यात माळ, पुढ्यात निवडायला घेतलेले शेंगदाणे. फादर इंग्रजीत बोलायचे, मी मराठी करायचो. बोलता-बोलता ते ‘ओरिजिनल सिन’वर आले. मी ठोकून दिलं, ‘जन्मतःच माणसाला चिकटलेलं पाप.’

‘म्हंजे संचित,’ बुवा म्हणाले.

मी मान हलवली आणि फादरना सांगितलं, यांच्यातही ते मानतात. फादर खूश, बुवा खूश. बुवांनी मूठभर शेंगदाणे फादरच्या ओंजळीत घातले. चहा झाला, फोटो झाला.

परतीच्या बसमध्ये, दिघीच्या पुढे, माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. संचित हे ज्याचं त्याचं. मागच्या जन्मी मीच केलेलं, माझ्याच खात्यावरचं. आदामाचं पाप म्हणजे आजोबांनी काढलेलं कर्ज. म्हणजे ओसरीवर जो एकोपा झाला तो मी लावून दिलेला होता. अंजिरोला निदान घाई तरी नव्हती. मला साडेपाचची बस गाठायची होती.

पंधरा दिवसांनी एकटाच गेलो आणि बुवांपुढे चूक कबूल केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘आसं व्हय? मग आजाचं देणं नातवाच्या माथी का? आन् फेडतं कोन, ते इचारा त्यांना.’

तो प्रश्न मी जसाच्या तसा बेल्जियमला कळवला.

बाईंच्या पत्राला आणखी एक शेपूट जोडायचंय. १५९५ मध्ये लाहोरला तिसरं जेझुइट पथक आलं, त्याचे प्रमुख जेरोनिमो झेवियर, म्हणजे त्या फ्रान्सिस झेवियरांच्याच बहिणीकडचे नातू. त्यांनी फारसीत येशूचं चरित्र लिहिलं, ‘मिरातुल कुद्स’. १६०२ मध्ये ते अकबराच्या हाती पडलं. त्यांचे सहकारी होते अब्दुस सत्तार लाहोरी. बादशहाच्या हुकमावरून सत्तार या पाद्र्याकडेच फिरंग्यांची भाषा शिकले. जेरोनिमोंची फारसी आणि सत्तारचं लॅटिन एकाच मेजावर घडत गेलं. पुढे जहांगिराच्या रात्रीच्या बैठकांत हेच सत्तार पाद्र्यांशी वाद घालायला उभे राहिले, ते पाद्र्यांचंच शुभवर्तमान वाचून. त्या बैठकांची बखरही त्यांनीच लिहून ठेवली, ‘मजालिसे जहांगिरी’. हेन्रिक्सचं जे आपल्याला ऐकू येत नाही, ते सत्तारचं येतं, आणि चांगलं खणखणीत येतं. झेवियर गुरुजींना शिष्याचा राग आला असेल की थोडा अभिमानही वाटला असेल? या गुरु-शिष्यांवर एक अख्खा लेख लिहिणार आहे. कधी, ते विचारू नका.

फादरचं उत्तर आलंय. चार पानी, बारीक अक्षरात. बुवांसाठी त्याचं मराठी करायला घेतलंय आणि दुसऱ्याच ओळीत ‘ग्रेस’ या शब्दापाशी थांबलोय. ‘कृपा’ लिहिलं, की बुवा लगेच म्हणणार, ‘म्हंजे माउलीची.’ तीन वेळा लिहून खोडलंय. हीरविजयसूरी पुढच्या आठवड्यात.